जेनकिन्सची लेबले

कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना २००४ साली ‘हडसन’ लिहायला घेतले. कोणीही कोड जमा केला की तो लगेच बिल्ड करून तपासायचा, हे काम माणसावर न सोडता यंत्राकडे द्यायचे होते. पुढे ओरॅकलने सन विकत घेतली, नावावरून वाद झाला आणि २०११ मध्ये प्रकल्पाचे नाव ‘जेनकिन्स’ झाले.

मोठ्या टीममध्ये जेनकिन्सचा मुख्य सर्व्हर सहसा स्वतः बिल्ड करत नाही. ते काम त्याला जोडलेल्या एजंट मशिन्स करतात: कुठे लिनक्स, कुठे विंडोज, आयफोनच्या ॲपसाठी मॅक. कोणता जॉब कुठे जाणार हे लेबलांवर ठरते. एजंटच्या सेटिंगमध्ये एक साधा रकाना असतो. मध्ये स्पेस देत त्यात हवी तितकी लेबले लिहायची. जॉबमध्ये अट लिहायची, ‘लिनक्स && डॉकर’, की दोन्ही लेबले असलेलीच मशीन मिळते.

रकाना साधा आहे, म्हणूनच तो बिघडतो. जेनकिन्स फक्त अक्षरे जुळवते. एका एजंटवर ‘लिनक्स’ स्मॉल लिपीत, दुसऱ्यावर पहिले अक्षर कॅपिटल, तिसऱ्यावर नुसते ‘उबुंटू’. तिन्ही मशिन्स एकसारख्या, तरी पहिलीपुढे रांग लागते आणि बाकीच्या दोन रिकाम्या बसतात. जॉबमध्ये लेबलाचे एक अक्षर चुकले तर बिल्ड फेलही होत नाही. या लेबलाचा एकही नोड (म्हणजे मशीन) नाही, अशी ओळ लॉगमध्ये उमटते आणि जॉब ताटकळत राहतो. मला हे लाल बिल्डपेक्षा वाईट वाटते. लाल दिसले की कोणीतरी धावतो. रांगेत अडकलेल्या जॉबकडे सकाळपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही.

दुसरी खोड म्हणजे मशीनच्या नावालाच जॉब बांधणे. जेनकिन्समध्ये प्रत्येक नोडचे नाव आपोआप लेबलही असते, त्यामुळे हा मोह सोपा आहे. पण नाव बदलले की जॉब लटकतो. २०२१ मध्ये जेनकिन्सने मुख्य सर्व्हरवरच्या नोडचे ‘मास्टर’ हे नाव बदलून ‘बिल्ट-इन’ केले, तेव्हा जुन्या ठिकाणी बदल आपोआप लागू केला नाही, ॲडमिनवर सोपवला. नाहीतर ‘मास्टर’ लिहिलेले जॉब अडकले असते. जॉबने मशीनचे नाव सांगू नये, आपली गरज सांगावी.

ऑपरेटिंग सिस्टिम, आवृत्ती, प्रोसेसरचा प्रकार ही लेबले ‘प्लॅटफॉर्म लेबलर’ प्लगइन स्वतःच लावते. ती हाताने लिहू नयेत. जास्त मेमरी, यूएसबीला जोडलेला टेस्टचा फोन, एखाद्या कंपायलरचे लायसन्स, एवढेच माणसाने लिहावे, सगळे स्मॉल लिपीत.

आवृत्तीबाबत मी कडक आहे. गिटहबच्या बिल्ड मशिन्सचे ‘उबुंटू-लेटेस्ट’ हे लेबल २०२४ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने २२.०४ वरून २४.०४ वर गेले. लेबल तेच, पण आतली मशीन वेगळी, आणि आधी तयार मिळणारी काही टूल्स गायब. रोजच्या टेस्टला हे चालेल. ग्राहकाकडे जाणाऱ्या रिलीजच्या लेबलात आवृत्तीचा आकडा हवाच.

पसारा आवरताना एजंटवर जुने आणि नवे लेबल काही काळ शेजारी ठेवावे आणि जॉब एकेक करून हलवावेत. जुने काढण्याआधी जेनकिन्समध्ये त्या लेबलाचे पान उघडावे. त्याला बांधलेले फ्रीस्टाइल जॉब तिथे दिसतात. पाइपलाइन जॉबची अट मात्र कोडसोबत ठेवलेल्या जेनकिन्सफाइलमध्ये असते. तिच्यासाठी सगळ्या रिपॉझिटरी धुंडाळाव्या लागतात, जुन्या रिलीजच्या ब्रँचसकट.