स्वप्न हा पुरावा नव्हे

मध्यरात्री बाई दचकून जागी होते. स्वप्नात तिने खून पाहिलेला असतो. शेजारी झोपमोड झालेला नवरा डोळे चोळत बसतो. अमेरिकेतील ‘मीडियम’ या मालिकेचे बरेच भाग असे सुरू होतात. २००५ ते २०११ या काळात तिचे १३० भाग झाले. नायिकेच्या भूमिकेसाठी पॅट्रिशिया आर्केटला २००५ चा एमी पुरस्कार मिळाला.

नायिका ॲलिसन फिनिक्स शहरात सरकारी वकिलांना तपासात मदत करते. घरी इंजिनियर नवरा, तीन मुली आणि सकाळची शाळेची धावपळ. भुताटकीपेक्षा हे घरच आम्हाला जास्त आवडले.

पण खरी शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. ॲलिसनचे स्वप्न न्यायालयात चालत नाही. पुरावा शोधावाच लागतो. शिवाय स्वप्नाचा तिने लावलेला अर्थ अनेकदा चुकतो.

आपल्याकडे दागिना हरवला की काय होते? कोणीतरी आमिलकडे धावते. तो ‘चोर घरातलाच’ म्हणतो आणि संशय सुनेवर किंवा कामवाल्या बाईवर जातो. दागिना पुढे गादीखाली सापडतो, पण दुखावलेले मन पुन्हा जुळत नाही. गैबचे ज्ञान फक्त अल्लाहला, असे आपण मुलांना शिकवतो. मग ऐन वेळी आपणच ते कसे विसरतो?

मालिकेतील खूनखराबा लहानांसाठी नाही. मोठ्या मुलांसोबत बसून पाहा आणि प्रत्येक भागानंतर एकच विचारा: पुरावा कोणता होता?