चित्रोपम पुष्पछायाचित्रण

फुलांच्या ज्या छायाचित्रणात वनस्पतीची नोंद करण्यापेक्षा रंग, छायाप्रकाश आणि मांडणी यांचा रंगचित्रासारखा परिणाम साधण्यावर भर असतो, त्यास चित्रोपम पुष्पछायाचित्रण म्हणतात. अशी छायाचित्रे बहुधा मोठ्या आकारात मुद्रित करून भिंतीवर लावण्यासाठी घेतली जातात. वनस्पतिशास्त्रीय छायाचित्रात फुलाचे सर्व अवयव स्पष्ट दिसणे आवश्यक असते; येथे काय दाखवावे आणि काय झाकावे, हे छायाचित्रकार ठरवतो. तथापि ‘चित्रोपम’ म्हणजे ‘धूसर’ ही समजूत बरोबर नाही. ती कशी रुजली, हे इतिहासावरून कळते. प्रस्तुत नोंदीत तंत्राची उदाहरणे मुख्यतः ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग पट्ट्यातून घेतली आहेत. दाट वस्ती, रासायनिक कारखाने आणि सह्याद्रीच्या उपरांगांवरील रानफुले येथे काही किलोमीटरांच्या अंतरात एकत्र आढळतात.

इतिहास : फुलांचे छायाचित्र आणि भिंत यांचा संबंध जुना आहे. फ्रान्समधील आदॉल्फ ब्राउन (१८१२–७७) हा मूळचा कापडावरील नक्षीचा आरेखक. त्याने १८५४ च्या सुमारास फुलांची सु. ३०० छायाचित्रे घेतली, ती कापड आणि भिंतीचा नक्षीदार कागद यांच्या आरेखकांना नमुने म्हणून उपयोगी पडावीत या हेतूने. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्र हे यंत्राचे काम नसून कलाकृती आहे, असे प्रतिपादणारा चित्रोपमवादी संप्रदाय यूरोप-अमेरिकेत उदयास आला. लंडनमधील ‘लिंक्ड रिंग’ (स्थापना १८९२) आणि न्यूयॉर्कमधील ‘फोटो-सिसेशन’ (१९०२) ही त्याची प्रमुख मंडळे होत. मऊ प्रतिमा देणारी भिंगे, डिंक व बायक्रोमेट यांचे लेप, तसेच १९०७ पासून प्रचारात आलेली ब्रोमॉइल पद्धती यांच्या साहाय्याने या छायाचित्रकारांनी प्रतिमेतील बारीक तपशील मुद्दाम पुसला. ब्रोमॉइलमध्ये तर तेलकट शाई कुंचल्याने कागदावर चढवावी लागे. बॅरन अ‍ॅडॉल्फ डी मेयर (१८६८–१९४६) याचे काचपात्रातील कमळांचे छायाचित्र (सु. १९०६) या संप्रदायातील पुष्पछायाचित्रणाचा उत्कृष्ट नमुना मानले जाते. त्यात पाणी, काच आणि पाकळ्या यांच्या सीमा एकमेकींत विरघळलेल्या दिसतात.

मुंबईत छायाचित्रण फार लवकर रुजले. येथील फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मधील आहे. चित्रोपम संप्रदायात नाव मिळविणारे मुंबईचे छायाचित्रकार म्हणजे शापूर एन. भेदवार (१८५८–१९१५). ‘फीस्ट ऑफ रोझेस’ (१८९०) ही त्यांची छायाचित्रमालिका टॉमस मुर या कवीच्या काव्यावर आधारलेली असून तिच्या शीर्षकात गुलाब असले, तरी चित्रांचा विषय वेशभूषा केलेली पात्रे हाच आहे. ही गोष्ट बोलकी आहे. आपल्याकडे फूल हे दीर्घकाळ छायाचित्राच्या आत विषय म्हणून आले नाही; ते छायाचित्रावर हार म्हणून आले. भिंतीवरची चौकट देवाची किंवा दिवंगत वडीलधाऱ्यांची, आणि फूल तिच्यावर वाहण्याचे. स्टुडिओतील पडद्यावर रंगविलेल्या कुंड्या असत, पण त्याही माणसाच्या मागे. केवळ फुलाची चौकट मराठी घरात आली, ती बरीचशी रंगीत दिनदर्शिकांच्या मार्गाने.

भारतीय चित्रपरंपरेत मात्र फुलाला स्वतंत्र स्थान होते. जहांगीराने आपल्या आठवणींत उस्ताद मन्सूर याने काश्मीरमधील शंभरावर फुले रंगविल्याचे नमूद केले आहे (सु. १६२०). मन्सूरच्या फुलात रेषा काटेकोर, पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी आणि देठाची लय नेमकी असते. हे चित्रच आहे, आणि त्यात धूसरता नावालाही नाही. चित्रोपमतेचे दोन मार्ग मानावेत, ते यामुळेच : एक यूरोपीय चित्रोपमवाद्यांचा, कडा विरघळविण्याचा, दुसरा लघुचित्रांचा, अनावश्यक ते वगळण्याचा. आज बाजारात दिसणारी बहुतेक छायाचित्रे पहिल्याच मार्गाने जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते दुसरा मार्ग अधिक कठीण, पण आपल्या फुलांना अधिक मानवणारा आहे.

विषय आणि ऋतू : अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूस मलंगगड ते चंदेरी ही डोंगररांग पसरली आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प ताम्हण, पावसाळ्यात रानहळद, कळलावी आणि तेरडा असा येथील फुलांचा क्रम आहे. उतारांवरील कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच सामुदायिक रीत्या फुलते. शहरात राहणाऱ्यास जास्वंद, मोगरा, अबोली आणि बाजारातील शेवंती व झेंडू ही फुले बाराही महिने अभ्यासासाठी पुरतात. महागडे परदेशी फूल आणण्याची गरज नाही.

रंगांच्या दृष्टीने यांतील काही फुले अवघड आहेत. पळसाचा केशरी तांबडा इतका प्रखर असतो, की कॅमेऱ्यातील तांबड्या रंगाची नोंद मर्यादेबाहेर जाऊन पाकळीचा पोत नाहीसा होतो व सपाट डाग उरतो. यासाठी उद्भासन (प्रकाश पडू देण्याचे प्रमाण) मापकाने दाखविल्यापेक्षा अर्धा ते एक टप्पा कमी ठेवावे आणि शक्य तर ढगाळ वेळ निवडावी. निळ्या-जांभळ्या फुलांची अडचण उलटी असते. अशी काही फुले डोळ्यास जवळजवळ न दिसणारा अतिगडद तांबडा प्रकाशही परावर्तित करतात. रंगीत फिल्म त्यास संवेदनशील असल्यामुळे निळसर फूल गुलाबी उमटे. आजच्या अंकीय कॅमेऱ्यात संवेदकापुढे अवरक्त प्रकाश अडविणारा गाळक असल्याने हा दोष कमी झाला आहे. तरीही जांभळ्या छटा फुलाजवळ उभे राहूनच ताडून पाहाव्यात, घरी आल्यावर स्मरणाने नव्हे.

तंत्र : चित्रोपम परिणामाचा मोठा भाग छायाचित्र घेतानाच साधावयाचा असतो. जून ते सप्टेंबर या काळातील ढगाळ आकाश म्हणजे निसर्गाने लावलेला पांढरा पडदाच होय. त्या प्रकाशात सावल्यांच्या कडा मऊ होतात आणि ओल्या हिरव्या पार्श्वभूमीवर तेरड्याचा गुलाबी रंग उठून दिसतो. उन्हाळ्यात फूल व सूर्य यांमध्ये पांढरे मलमल ताणून तोच परिणाम मिळविता येतो. ९० ते १०५ मिमी. केंद्रांतराचे, जवळून टिपणारे भिंग आणि एफ/२.८ ते एफ/४ इतके मोठे छिद्र वापरल्यास एकच कडा रेखीव राहून बाकी सर्व रंगाच्या थरांत मिसळते. ती एक कडा कोणती ठेवावी, हाच खरा निर्णय असतो. कळलावीत वळलेल्या पाकळीची पिवळी किनार सोडून केसरमंडल स्पष्ट ठेवले, तर फुलाचा ज्वालेसारखा आकारच हरवतो.

बहाव्याचे लोंबते घोस कॅमेरा हलवून टिपण्याच्या पद्धतीस अनुकूल आहेत. १/१५ ते १/२ सेकंद इतका वेळ झडप उघडी ठेवून कॅमेरा सावकाश वरून खाली नेला, की पिवळ्या रंगाचे उभे फटकारे उमटतात. दिशा घोसाच्या लोंबण्याशी जुळणे अत्यावश्यक आहे. आडव्या हालचालीने केवळ हललेले छायाचित्र मिळते. अशा वीस-पंचवीस प्रयत्नांतून एखादे हाती लागते, हे गृहीत धरावे. एकाच चौकटीवर अनेक उद्भासने घेण्याची पद्धत दाट फुलोऱ्यास, उदा., ताम्हणास शोभते.

लघुचित्रांच्या जवळ जाणारी पद्धत प्रकाशपेटीची आहे. दुधी काचेखाली किंवा पांढऱ्या अर्धपारदर्शक फलकाखाली समान प्रकाश देणारे दिवे ठेवून पातळ पाकळ्यांची फुले त्यावर मांडतात व कॅमेरा तिपाईवर सरळ खाली तोंड करून बसवतात. एकच मांडणी कमी-अधिक उद्भासनांवर सहा-सात वेळा टिपून नंतर संगणकावर त्यांचे थर एकत्र करतात. प्रकाश पाकळीतून पार येत असल्याने तिच्या शिरा दिसतात आणि पार्श्वभूमी कागदासारखी शुभ्र राहते. जास्वंदीस ही पद्धत उत्तम. झेंडूस मुळीच नाही, कारण त्याच्या दाट गेंदातून प्रकाश जात नाही.

संगणकावर कुंचल्याच्या फटकाऱ्यांचा आभास निर्माण करणारे तयार गाळक विपुल उपलब्ध आहेत. ते पाकळी, पान आणि पार्श्वभूमी या सर्वांवर सारखेच फटकारे मारतात. चित्रकार तसे कधीच करीत नाही. म्हणून ते संपूर्ण प्रतिमेवर वापरणे टाळावे. जुना कागद, कापड किंवा भिंत यांचा पोत मंद प्रमाणात मिसळावयाचा असल्यास तो फुलावरून पुसून फक्त पार्श्वभूमीवर राखावा.

मुद्रण आणि भिंत : सामान्य डोळ्यास दीड मीटर अंतरावरून सु. ०.४ मिमी. पेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. म्हणून ६,००० × ४,००० बिंदूंची प्रतिमा ९० × ६० सेंमी. आकारात (इंचाला सु. १७० बिंदू) मुद्रित केली, तरी बैठकीच्या खोलीत ती पुरेशी रेखीव भासते. कापसाच्या तंतूंचा आम्लमुक्त, चकाकी नसलेला कागद चित्रोपम प्रतिमेस योग्य होय. कॅनव्हासवर मुद्रण केल्याने छायाचित्र आपोआप चित्र होत नाही. उलट प्रकाशपेटीवरील प्रतिमेतील नाजूक शिरा त्याच्या विणीत हरवतात.

या पट्ट्यात अशा मुद्रिताचा टिकाऊपणा हा स्वतंत्र प्रश्न आहे. पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांहून अधिक असते. काच प्रतिमेस टेकलेली असेल तर जिलेटिनचा थर काचेस चिकटतो आणि कागदावर बुरशी धरते. काच व प्रतिमा यांत जाड आम्लमुक्त पुठ्ठ्याची किनार घालून मोकळी जागा ठेवावी, चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून ती भिंतीपासून सु. एक सेंमी. दूर राहू द्यावी आणि पावसाचा मारा येणारी बाहेरची भिंत वर्ज्य करावी. सांडपाणी कुजण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू चांदीयुक्त कृष्णधवल मुद्रितांना पिवळट-तपकिरी करतो. वालधुनी नदीच्या काठी राहणाऱ्यांना त्याचा वास सांगावयास नको. अशा मुद्रितांवर सेलेनियम किंवा सुवर्णक्षारांची प्रक्रिया केल्यास ती अधिक टिकतात. रंगीत मुद्रणासाठी विद्राव्य रंजकांच्या शाईपेक्षा रंगद्रव्याची शाई निवडावी. उल्हासनगर फर्निचरच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असल्याने तेथे चौकट मनाजोगती करून घेणे अवघड नसते. मात्र मागील बाजूस प्लायवुड थेट प्रतिमेस लावू देऊ नये, कारण त्यातील आम्ल काही वर्षांत कागदावर उतरते.

नोंद ठेवण्याची गरज : कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सु. ९८ हजार होती, ती २०११ मध्ये सु. १ लाख ७४ हजार झाली. इतक्या वेगाने वाढणाऱ्या वस्तीत गेल्या पावसाळ्यात तेरड्याने भरलेला माळ पुढील पावसाळ्यात इमारतीच्या पायाखाली गेलेला आढळतो. चित्रोपम छायाचित्रकार नेमका हाच तपशील, म्हणजे फूल कोठे उगवले, शेजारी काय होते, आपल्या चौकटीतून काढून टाकतो. त्याला तो हक्क आहे. पण ज्या माळाचा दुसरा कोणताही पुरावा उरणार नाही, तेथे त्याने फुलाच्या परिसराचे एक साधे, रेखीव छायाचित्रही घ्यावे. पाकळ्यांची संख्या, पानांची मांडणी आणि फूल झुकण्याची रीत या तीन गोष्टी चित्रोपम प्रतिमेतही बदलू नयेत. आकृतीसाठी झुकलेले फूल सरळ उभे करणे हा त्या फुलावर अन्यायच होय. कॅमेऱ्यातील मूळ, असंस्कारित प्रतिमा जपून ठेवावी आणि मुद्रिताच्या मागे मऊ पेन्सिलीने फुलाचे स्थानिक नाव, ठिकाण व तारीख लिहावी. शाईचे पेन वापरल्यास लिखाण पुढील बाजूस उतरण्याचा संभव असतो.