शाळेतील सर्व्हरचे स्थलांतर

शिक्षकांनी रचलेले पाठ, चित्रे व स्वाध्याय एका संगणकावर ठेवून शाळेच्या अंतर्गत नेटवर्कद्वारे वर्गावर्गांतून दाखविले जातात, तेव्हा तो संगणक वेब सर्व्हरचे कार्य करीत असतो. त्यास इंटरनेटची आवश्यकता नसते. तथापि यंत्र ते यंत्रच. त्याची हार्ड डिस्क आज ना उद्या झिजते आणि कित्येक वर्षांचे श्रम दुसऱ्या संगणकावर हलविण्याचा प्रसंग येतो.

फाइली उतरवून घेणे हा या कामातील सोपा भाग होय. खरी अडचण पत्त्याची असते. समजा, जुन्या संगणकाचा आयपी पत्ता १९२.१६८.१.१० असून पाठांतील दुव्यांतही तोच अंक लिहिला गेला आहे. नवा संगणक १९२.१६८.१.२० या पत्त्यावर सुरू केल्यास मुखपृष्ठ दिसते, परंतु दुवे जुन्या यंत्राकडेच धाव घेतात. जुने यंत्र चालू असेतो हा दोष ध्यानातही येत नाही. ते बंद होताच पाठ नाहीसे झाल्याचा भास होतो. यास्तव दुव्यांत अंक लिहूच नयेत. यंत्रांना नावाने हाक मारण्याची आजची डीएनएस पद्धती पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. ज्या राउटरमध्ये तशी सोय आहे, तेथे सर्व्हरचे नाव व अंक यांची जोडी नोंदविली की पुढील प्रत्येक स्थलांतरात ती एकच नोंद बदलावी लागते.

नाव देणे शक्य नसल्यास जुना अंकच नव्या संगणकास द्यावा. मात्र जुने यंत्र बंद केल्यावरच. एकाच अंकाची दोन यंत्रे एकाच वेळी चालली, तर विद्यार्थ्यास कधी एकाचे तर कधी दुसऱ्याचे पान दिसते.

विंडोजवरून लिनक्सवर येताना आणखी एक गंमत घडते. विंडोजला सामान्यतः रोमन लिपीतील मोठ्या व लहान अक्षरांचा भेद नसतो, लिनक्स तो कटाक्षाने पाळतो; त्यामुळे फाइल जागेवर असूनही चित्र दिसत नाही. स्वाध्यायांचे गुण डेटाबेसमध्ये असतील, तर चालू डेटाबेसच्या फाइली तशाच उचलू नयेत. त्या अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत येण्याचा संभव असतो. त्याच्याच निर्यात आज्ञेने प्रत काढावी.

हे काम सुटीच्या दिवशी करून प्रत्येक वर्गातील संगणकावरून निदान एक पाठ उघडून पाहावा. जुना संगणक मात्र लगेच पुसू नये. एक सत्र पार पडेतो तो बंद स्थितीत कपाटात असू द्यावा.