कोयनेच्या रानातला रातबेडूक

पोरांनो, आपल्या लोणंदला पाऊस बेताचाच. माउलींची पालखी मुक्कामाला येते तेव्हा ढग भरून येतात, चार सरी पडतात अन् पुन्हा ऊन. पण याच सातारा जिल्ह्यात, पश्चिमेकडच्या कोयना-महाबळेश्वरच्या डोंगरांत, पाऊस एकदा लागला की उसंत देत नाही. तिथं रानातल्या ओढ्याकाठी अंगठ्याएवढा एक तपकिरी बेडूक राहतो. हुमायूनचा रातबेडूक. सह्याद्रीबाहेर तो जगात कुठंच नाही.

रात्री नर ओढ्यावर झुकलेल्या पानावर बसून साद घालतो. यात काय नवल, म्हणाल. नवल हे, की याची मादीही साद घालते! बेडकांत माद्या बहुधा गप्प असतात.

पुढचं ऐका. बेडकांचा नर मादीला पाठीमागून घट्ट मिठी मारतो. मिठीचे सहा प्रकार जगाला ठाऊक होते. पाटणजवळच्या हुंबरळी गावात शास्त्रज्ञांनी 2010 ते 2012 या काळात पावसाच्या चाळीस रात्री या बेडकांवर नजर ठेवली, तेव्हा सातवाच प्रकार दिसला. हा नर मादीला धरतच नाही. तिच्या पाठीवर चढतो, हात मात्र पानावर किंवा फांदीवर टेकवतो, पाठीवर शुक्राणू सोडतो आणि उतरून बाजूला होतो. मादी थोडा वेळ निश्चल बसते, मग अंडी घालते. पाठीवरून, मागच्या पायांवरून ओघळलेले शुक्राणू अंड्यांपर्यंत पोचतात. 2016 मध्ये हे छापून आलं. आपल्याच जिल्ह्यातल्या ओढ्यावर हे किती पावसाळे चाललं असेल, अन् जगाला पत्ता नव्हता!

अंडी पानावर चिकटलेली, खाली वाहतं पाणी. फुटली की बेडूकमासे थेट ओढ्यात पडतात. माशांपासून अंडी वाचतात खरी, सापापासून नाही. 2019 मध्ये कोयनेच्या रानातून एक नवा मांजऱ्या साप नोंदवला गेला, तो हीच अंडी खाताना दिसला.

आणि हुमायून कोण? मुंबईचे निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलाली. 1955 मध्ये या बेडकाला त्यांचं नाव मिळालं. तेव्हा परदेशी ताटांसाठी आपल्याकडचे बेडूक मारून त्यांचे पाय बाहेर पाठवायचे. शेतातली कीड खाणारा हा जीव संपवू नका, म्हणून अब्दुलाली भांडत राहिले. 1987 मध्ये सरकारनं ती निर्यात बंद केली.