बियाण्याची पिशवी, फोनचा पडदा आणि भरवशाचा प्रश्न

बियाणे ही अशी वस्तू आहे, की विकत घेताना तिचा खरा गुण डोळ्यांना दिसत नाही. दाण्याचा आकार, रंग आणि वजन पाहता येते. पण तो उगवेल का, उगवल्यावर पिशवीवर छापलेल्याच वाणाचे झाड येईल का आणि त्या झाडाला अपेक्षेइतकी बोंडे लागतील का, हे कळायला आठवड्यापासून सहा महिन्यांपर्यंतचा काळ लागतो, आणि तोवर पैसा, पेरणीची वेळ आणि जमिनीतली ओल या तिन्ही गोष्टी हातच्या गेलेल्या असतात. ज्या जालना जिल्ह्याचे नाव देशाच्या बियाणे व्यवसायात मानाने घेतले जाते, त्याच जिल्ह्यातल्या कापूस, सोयाबीन आणि मक्याच्या शेतकऱ्याला दर खरिपात हा निर्णय घ्यावा लागतो, आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरबरोबरच आता फोनचा पडदाही त्या निर्णयात शिरू लागला आहे. ई-व्यापारात आणि डिजिटल सेवांमध्ये विश्वास कशावर उभा राहतो, हे समजून घेण्यासाठी म्हणूनच जालन्याचे उदाहरण फार उपयोगी पडते.

जालन्यातला बियाणे व्यवसाय उभा राहिला, तोच मुळी भरवशाच्या भांडवलावर. बद्रीनारायण बारवाले यांनी ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणापासून बीजोत्पादनाला सुरुवात केली, १९६४ मध्ये महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजेच ‘महिको’, स्थापन केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. शेतकरी जोवर घरचे बी राखून पेरत होता, तोवर त्याचा भरवसा स्वतःच्या कणगीवर होता. संकरित वाणाचे बी मात्र राखून पुढच्या वर्षी पेरले तर तेच गुण देत नाही, त्यामुळे ते दर वर्षी विकत घ्यावे लागते, आणि तेव्हापासून हा भरवसा कणगीतून उठून कंपनीच्या नावाकडे व त्या नावाच्या वतीने बोलणाऱ्या दुकानदाराकडे गेला. या व्यवहाराची दुसरी बाजूही बोलकी आहे. जाफराबाद, भोकरदन आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा या पट्ट्यात शेडनेटमध्ये कंपन्यांसाठी बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्यांचा अंतिम हिशेब साधारणतः उगवण आणि वाणशुद्धतेच्या चाचण्या झाल्यावरच होतो. म्हणजे बी विकत घेण्याची वेळ कंपनीवर येते, तेव्हा तीही नुसते दाणे पाहून पैसे देत नाही. शेतकऱ्याला मात्र तोच माल पेरणीच्या घाईत, चाचणीची वाट न पाहता, रोखीने किंवा उधारीवर उचलावा लागतो.

या विषमतेला अर्थशास्त्रात माहितीची असमानता म्हणतात: विकणाऱ्याला मालाबद्दल जे ठाऊक असते, ते घेणाऱ्याला ठाऊक नसते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवले, की चांगला आणि वाईट माल ओळखता येत नसेल तर ग्राहक दोन्हींना सरासरी भाव देतो, त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही आणि अखेरीस वाईट मालच बाजारात उरतो. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुढे अभ्यासकांनी वस्तूंचे तीन प्रकार मानले: पाहून पारखता येणाऱ्या, वापरल्यावर कळणाऱ्या आणि वापरल्यावरही नीट न कळणाऱ्या. बियाणे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांच्या सीमेवर येते, कारण पीक फसले तर दोष बियाण्याचा, पावसाच्या खंडाचा की खोल पेरणीचा, हे सांगणे शेतात उभे राहूनही अवघड असते. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी इतक्या मोठ्या प्रमाणावर आल्या, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. तेव्हाही नेमका हाच वाद उभा राहिला होता.

कपाशीत हा पेच आणखी घट्ट होतो. बीटी कपाशीच्या बियाण्याची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते आणि ती एका प्रकारच्या सर्व कंपन्यांच्या पाकिटांना सारखीच असते. शेतकऱ्याची लूट थांबवण्यासाठी हे नियंत्रण आवश्यकच आहे; पण त्यामुळे एरवी बाजारात गुणवत्तेची थोडीफार खूण ठरणारी किंमत येथे काहीच सांगत नाही, आणि निवड सारी नावावर, शेजाऱ्याच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर आणि दुकानदाराच्या शब्दावर येऊन ठेपते. एखाद्या वाणाची हवा झाली की त्याची टंचाई होते, टंचाईतून छापील किमतीपेक्षा जास्त दराने विक्री होते आणि त्याच गर्दीत बनावट पाकिटेही खपतात.

अशा वेळी उपयोगी पडते ती निर्णयसाहाय्याची साधने. निर्णयसाहाय्य प्रणाली ही संज्ञा १९७० च्या दशकाच्या आरंभी रूढ झाली, आणि तिचा अर्थ असा, की यंत्राने माणसाच्या जागी निर्णय घ्यायचा नसतो, तर विखुरलेली माहिती अशा रीतीने मांडायची असते की माणसाला तो नीट घेता यावा. या अर्थाने बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल हे संगणकाच्याही आधीचे साधन आहे. १९६६ च्या बियाणे कायद्याखालील व्यवस्थेत प्रमाणित बियाण्याला निळी आणि सत्यप्रत बियाण्याला हिरवी खूणचिठ्ठी असते. निळ्या चिठ्ठीमागे अकोल्याच्या राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणेसारख्या त्रयस्थ संस्थेची तपासणी असते, तर हिरवी चिठ्ठी म्हणजे उत्पादकाने आपल्या मालाबद्दल स्वतः दिलेली लेखी ग्वाही असते, आणि खासगी कंपन्यांचे बहुतेक संकरित वाण हिरव्या चिठ्ठीवरच विकले जातात. लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, वैधतेची मुदत आणि उगवणीची टक्केवारी या चार गोष्टी लेबलवर पाहायच्या असतात. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के असावी लागते.

ही शेवटची गोष्ट घरीही तपासता येते. गोणपाटाचा तुकडा ओला करून त्यावर सोयाबीनचे १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वरून दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची, ती सावलीत ठेवून रोज पाण्याचा शिपका द्यायचा आणि सहाव्या-सातव्या दिवशी उलगडून निरोगी कोंब मोजायचे. सत्तरच्या पुढे आकडा गेला तर नेहमीच्या प्रमाणात पेरावे, त्याखाली राहिला तर एकरी बियाणे वाढवावे किंवा ते पेरूच नये. कोणावरही विश्वास ठेवण्याची गरज न पडणारे याहून चांगले निर्णयसाहाय्य सापडणे कठीण आहे. मात्र गोणपाट उगवण सांगते, वाणाची शुद्धता सांगत नाही, आणि तेथूनच पुढचा रस्ता दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून चालावा लागतो.

तो शब्द तपासता यावा म्हणून केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ‘साथी’ हे पोर्टल सुरू केले. बियाणे कोणत्या पैदासीतून आले, कोठे तयार झाले, कोणी तपासले आणि कोणत्या परवानाधारक विक्रेत्यापर्यंत पोहोचले, ही साखळी नोंदवून पिशवीवर क्यूआर कोड द्यायचा आणि तो फोनने वाचता यावा, अशी ही योजना आहे. तिचे मोल मोठे आहे, कारण नकली पिशवी छापणे सोपे असले तरी सरकारी नोंदीशी जुळणारी साखळी उभी करणे तितके सोपे नाही, आणि मुदत संपलेला किंवा चाचणीत नापास झालेला लॉट अशा साखळीत अडवता येतो. तरीही कोड हा पिशवीचा कुळवृत्तान्त सांगतो, पिकाचे भविष्य सांगत नाही. शिवाय मूळ नोंद करणाऱ्याने खोटे लिहिले असेल, तर यंत्र तेच खोटे बिनचूकपणे वाचून दाखवते.

ऑनलाइन खरेदीत या पेचावर वेगळा उपाय रूढ झाला आहे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘ईबे’ या लिलावाच्या संकेतस्थळाने अनोळखी माणसांना एकमेकांवर भरवसा ठेवता यावा म्हणून प्रत्येक व्यवहारानंतर अभिप्राय नोंदवण्याची सोय केली. पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात जुन्या पोस्टकार्डांचा सारखाच माल नामवंत आणि नव्या खात्यांवरून विकला, तेव्हा ग्राहक नामवंत खात्याला सुमारे ८ टक्के जास्त किंमत द्यायला तयार असल्याचे दिसले. साडी, चप्पल किंवा मिक्सर घेताना अशा अभिप्रायांतले तारे खरोखरच उपयोगी पडतात. बियाण्याच्या बाबतीत मात्र तारा पाकीट घरी पोहोचल्यावर आठवडाभरात दिला जातो आणि पीक पाच महिन्यांनी हाती येते, त्यामुळे तो तारा बहुधा कुरिअरच्या वेगाचा आणि पॅकिंगचाच असतो. तो खरा मानला तरी परभणीच्या काळ्या जमिनीतला अनुभव भोकरदनच्या मुरमाड शिवाराला लागू पडेलच असे नाही. नोव्हेंबर २०२२ पासून परवानाधारक विक्रेत्यांना कीटकनाशकेही ऑनलाइन विकता येतात, म्हणून हा प्रश्न बियाण्यापुरता उरलेला नाही.

पडद्यावर कोणते पाकीट आधी दिसते, हाही एक सल्लाच असतो, फक्त तो सल्ला म्हणून ओळखू येत नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-व्यापार नियमांनुसार हा क्रम कोणत्या निकषांवर लावला जातो, हे ऑनलाइन विक्रीच्या मंचाने साध्या भाषेत सांगायचे असते; त्याच नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक जाहीर केले, आणि ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला चकवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या १३ प्रकारच्या मांडण्यांना अनुचित ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वे आली. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई हा त्यांपैकीच एक प्रकार असून, मृगाचा पाऊस पडून गेलेल्या शेतकऱ्यावर त्याचा किती परिणाम होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

सल्ला देणाऱ्यावर माणूस विश्वास का ठेवतो, याची फोड मेयर, डेव्हिस आणि शूरमन या अभ्यासकांनी १९९५ मध्ये केली: त्याला विषय कळतो का, तो आपले भले पाहतो का आणि तो दिलेल्या शब्दाला जागतो का. तालुक्याच्या गावातला दुकानदार या कसोट्यांवर पूर्णपणे उतरत नाही, कारण ज्या कंपनीचे कमिशन जास्त तिचे पाकीट पुढे करण्याचा मोह त्याला असतो. परंतु त्याची उधारी शेतकऱ्याच्या पिकातूनच वसूल होणार असल्याने पीक बुडाले तर त्याचेही पैसे अडकतात, आणि दर आठवडी बाजाराला त्याला त्याच गिऱ्हाइकाच्या समोर उभे राहावे लागते. फोनवरून सल्ला देऊन तेथेच औषध विकणाऱ्या मंचाला हा मोह तितकाच असतो, हा धाक मात्र नसतो. विक्रीशी संबंध नसलेल्या सल्ल्याचे महत्त्व येथे आहे. २००४ पासून चालणारे किसान कॉल सेंटर आणि राज्य सरकारने २०२५ मध्ये आणलेले, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे मराठीत उत्तरे देणारे ‘महाविस्तार’ हे ॲप या वर्गात मोडतात. त्यांना काही विकायचे नाही, ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे. उत्तर कोणत्या शिफारशीवरून दिले आणि ते चुकले तर कोणाला विचारायचे, हे त्या उत्तराबरोबरच लिहिले गेले, तर तिसरी कसोटीही पूर्ण होईल.

विक्रीच्या बाजूला हा भरवसा कसा घडतो, याचे चांगले उदाहरण जालन्याच्या बाजार समितीत आहे. रेशीम कोषांची खुली बाजारपेठ २०१८ मध्ये येथे सुरू झाली, त्याआधी मराठवाड्यातले शेतकरी कोष घेऊन कर्नाटकातल्या रामनगरला जात असत. कोष डोळ्यांसमोर तोलला जातो आणि बोली चारचौघांत लागते, म्हणून भाव मनासारखा नसला तरी तो कसा ठरला याबद्दल शंका राहत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक बाजारात दूरचा व्यापारी माल न पाहता बोली लावतो, त्यामुळे तेथे सारा भार मालाच्या प्रतवारीवर येतो. ओलावा मोजणारे यंत्र मोंढ्यात शेतकऱ्यासमोर चालत नसेल, तर संगणकावरच्या लिलावाला अर्थ उरत नाही.

सरकारी सेवांत काय बिघडू शकते, हे अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत दिसले. अतिवृष्टीचे अनुदान थेट बँक खात्यात जमा होत असल्याने मधला हात सुटला, असे मानले जात होते. प्रत्यक्षात लाभार्थ्यांच्या याद्यांमध्येच बोगस नावे घुसवल्याचे चौकशीत पुढे आले आणि २०२५ मध्ये अनेक तलाठ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. पैसा खात्यात गेला, पण खाते कोणाचे हे ठरवणारी नोंद माणसाच्याच हाती राहिली. त्यासाठी डिजिटल व्यवस्था मोडीत काढण्याची गरज नाही. उलट कोणत्या लॉगिनवरून, कोणत्या दिवशी, कोणाचे नाव चढले, हे संगणकात उरते म्हणूनच तपास करता येतो. गावाची यादी गट क्रमांकासह चावडीवर आणि पोर्टलवर आधीच खुली झाली असती, तर आपले शेत कोणाच्या नावावर दाखवले आहे हे शेजाऱ्यांनीच ओळखले असते. २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या बांधावरून पिकाचा फोटो काढून नोंद करतो, तिच्यात असा खुलेपणा वाढवण्यास बराच वाव आहे.

शेवटी विश्वासाची परीक्षा तक्रारीच्या वेळी होते. राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये स्पष्ट केले, की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, आणि सगळे बी पेरून टाकलेल्या शेतकऱ्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवला असेल, अशी अपेक्षा धरता येत नाही. तरीही पक्की पावती, रिकामी पिशवी, तिची खूणचिठ्ठी आणि मूठभर दाणे जपून ठेवले, तर तालुका तक्रार निवारण समितीच्या पंचनाम्याला बळ येते. ऑनलाइन खरेदीत पावतीवरचा विक्रेता शेकडो किलोमीटर दूरचा असतो, आणि येथे कायदा शेतकऱ्याच्या बाजूने बराच पुढे आला आहे: मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात तिचा निपटारा द्यायचा असतो, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता कोठेही असला तरी तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात दावा दाखल करता येतो. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला त्यासाठी शुल्क लागत नाही, त्यामुळे मंठा किंवा परतूरच्या शेतकऱ्याला दिल्ली-बंगळुरूच्या विक्रेत्याविरुद्ध जालन्यातच दाद मागता येते.