आजीला तहान का लागत नाही?

मे महिन्यातल्या दुपारी परतवाड्यातल्या बहुतेक घरांत हा संवाद ऐकू येतो. “आजी, पाणी काहून नाही पेली?” “तहानच नाही लागली रे बाप्पा!” बाहेर पारा ४४ अंशांवर असतो, म्हणून आजी टाळते आहे असे आपल्याला वाटते. पण ती खरेच सांगत असते.

शरीरातले पाणी घटले की रक्तातील क्षारांची तीव्रता वाढते. मेंदूतील अधश्चेतक हा भाग ती ओळखतो आणि आपल्याला तहान लागते. वय वाढते तशी ही सूचना मंद होते. १९८४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सात तरुण आणि सात वयस्क, पण निरोगी पुरुषांना २४ तास पाण्यावाचून ठेवले होते. नंतर पाणी पुढे ठेवले, तेव्हा वयस्कांना तहान कमी लागली होती आणि ते पाणीही कमी प्याले.

त्यातच म्हातारपणी मूत्रपिंडांची पाणी राखण्याची क्षमता कमी होते. स्नायूंमध्ये पाण्याचा मोठा साठा असतो, तोही स्नायूंबरोबर घटतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. शिवाय एक कारण शरीराबाहेरचे आहे. संडास अंगणाच्या टोकाला, गुडघे दुखतात, रात्री उठायची धास्ती. म्हणून आजी संध्याकाळनंतर पेल्याला हात लावत नाही.

परिणामही नेहमीसारखे दिसत नाहीत. “आजी आज भलतंच बोलून राहिली,” असे घरचे म्हणतात आणि वयाला दोष देतात. ते निर्जलीकरण असू शकते, किंवा ताप न येता झालेला जंतुसंसर्गही. हातावरची कातडी चिमटीत धरून पाहण्याची खूण येथे फसते, कारण वृद्धांची त्वचा मुळातच सैल असते. जीभ कोरडी आहे का, लघवी गडद आहे का, उठताना भोवळ येते का, हे पाहावे लागते. भोवळीतून पडणे आणि पडण्यातून खुब्याचे हाड मोडणे, हा क्रम डॉक्टरांच्या चांगला परिचयाचा आहे. बरे, भरपूर पाणी पाजा म्हणावे, तर हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला तेही बाधू शकते.

वृद्धांची शुश्रूषा म्हणजे नुसती माया नव्हे, ती शिकावी लागते, ती यासाठी. आयुर्वेदाने आठ अंगांत जराचिकित्सेला जागा दिली होती. आधुनिक वैद्यकात या शाखेला ‘जेरिअ‍ॅट्रिक्स’ हे नाव १९०९ साली न्यूयॉर्कच्या इग्नाट्झ नॅशर यांनी दिले. १९३५ साली लंडनजवळच्या एका रुग्णालयात डॉ. मार्जोरी वॉरेन यांच्याकडे कायमचे अंथरुणाला खिळलेले म्हणून सोडून दिलेले शेकडो वृद्ध सोपवण्यात आले. त्यांनी प्रत्येकाला तपासले, बसवले, चालवले. कित्येक जण घरी परतले!

आपल्याकडे या विषयातील एम.डी. अभ्यासक्रम १९९६ साली मद्रास मेडिकल कॉलेजात सुरू झाला. पण आपल्या बारावीच्या विद्यार्थ्यांना जवळचा मार्ग परिचर्येचा: एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. भौतिकोपचार आणि समाजकार्य यांतूनही या क्षेत्रात जाता येते. घरी राहून काळजी घेणाऱ्या साहाय्यकांसाठी काही महिन्यांचे प्रशिक्षणही असते.

मागणी वाढणारच आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे सुमारे १०.४ कोटी लोक होते. तरुण मंडळी पुण्याला जातात, आईवडील येथे राहतात. परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी वाढवलेल्या बेवारस दिव्यांग मुलांपैकी कित्येक आता प्रौढ आहेत. त्यांना तर सांभाळायला सून किंवा मुलगाही नाही. उद्या त्यांच्या उशाशी कोण बसणार?

मात्र या कामात मान आणि मोबदला दोन्ही अजून कमी आहेत, हे मुलांपासून लपवू नये. साहाय्यकाला बारा-बारा तास राबावे लागते आणि पुष्कळदा त्याला घरगडी समजले जाते. दुसरे म्हणजे, ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ अशा जाहिरातींनी पालक फसतात. अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रावर साहाय्यक होता येते, नोंदणीकृत परिचारिका नाही. म्हणून नर्सिंगची फी भरण्याआधी संस्थेला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, एवढे शिक्षकांनी विद्यार्थ्याबरोबर बसून तपासावे.