एक पौंड धान्य आणि टाकळ्याची भाजी

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 मध्ये छापून निघालं आणि पुढच्याच वर्षी दख्खनवर दुष्काळ कोसळला. सांगलीच्या कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 ची. दोन वर्षांत 1972 चा दुष्काळ आला. या दोन जोडतारखांनी माझी पाठ कित्येक वर्षं सोडलेली नाही. आपली छापील पाककला भरल्या घराची आहे. डबे रिकामे झाल्यावर चूल कशी चालली, हे शोधायला निघालं की स्वयंपाकाची पुस्तकं मिटून दुष्काळाच्या सरकारी कागदांत शिरावं लागतं.

शिरोळमध्ये हा विषय काढला की लोक चमकतात. तालुक्याची ओळख उसाची, साखर कारखान्यांची, नृसिंहवाडीच्या संगमाची. आणि संकट म्हटलं की 2005, 2019, 2021 चे महापूर. पण कोल्हापूरच्या पश्चिमेला झोडपणारा पाऊस इथवर येताना पार ओसरतो. नदीचं पाणी मोटारीने रानात चढण्याआधी इथल्या काळ्या जमिनीत शाळू पिकायचा आणि घरंही शाळूवरच जगायची. पीठ कमी पडलं की भाकरी थांबायची, कण्या सुरू व्हायच्या: शाळू ओलवून कांडायचा, कोंडा पाखडायचा, भरड मिठाच्या पाण्यात शिजवायची आणि ताक असेल तर ताकाबरोबर खायची. आंबील त्याहून काटकसरीची. मूठभर पीठ रात्री आंबवून ठेवलं की सकाळी घरभर माणसांचं भागायचं. हीच आंबील कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेला नैवेद्य म्हणून जाते, तिच्या नावाने यात्रा भरते. गरिबाच्या पातेल्यातलं अन्न देवीपुढे मानाने ठेवणारा हा मुलूख आहे, याचा मला अभिमान वाटतो.

असंच काटकसरीचं हुलग्याचं माडगं मी आत्याच्या हाताखाली शिकलो. हुलगे मंद आचेवर तांबूस होईतो भाजायचे, जात्यावर भरडून टरफलं पाखडायची, मग बारीक दळायचं. पाणी उकळलं की त्यात ठेचलेला लसूण, जिरं, मीठ आणि गुळाचा खडा. पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, नाहीतर गुठळ्या होतात. सोडताना डाव थांबवायचा नाही. आत्या प्रमाण सांगत नसे. ‘माणूस वाढलं की पाणी वाढवायचं, पीठ न्हाई,’ एवढंच म्हणायची. पातळ झालं तरी हुलग्याचा खमंगपणा टिकतो, म्हणून पाहुण्याला ते पाणचट लागत नाही.

आता 1877. आधीच्या वर्षी दख्खनवर कोसळलेला दुष्काळ अजून सरला नव्हता. थेट मजुरीवरच्या भांडणावर येतो. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याला दुष्काळी भागात पाठवलं. तीन वर्षांपूर्वी बंगालमध्ये ब्रह्मदेशातून तांदूळ आणून त्याने माणसं जगवली होती आणि उधळपट्टी केली म्हणून शिव्या खाल्ल्या होत्या. या खेपेला त्याने हात आखडला. दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी रोजच्या 1 पौंड धान्याच्या हिशेबाने बसवली. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. मध्यम आकाराच्या चार-पाच भाकरी, आणि त्यावर दिवसभर खडी फोडायची. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी याला जाहीर विरोध केला: राबणारं शरीर एवढ्यावर टिकत नाही, नुसत्या धान्याने तर नाहीच. मुंबई इलाख्यात मजूर कामं सोडून निघाले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला पत्रांमागून पत्रं लिहिली. मद्रासला पुढे शिधा वाढवावा लागला. टेंपल मात्र त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला. या माणसाबद्दल मला आजही राग आहे.

पण या सगळ्या वादात धान्याखेरीज लोक काय शिजवत होते, हे कोण पाहत होतं? मला सापडलं ते नाव डॉ. जे. सी. लिस्बोआ. हे गोमंतकीय. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1851 मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते भाऊ दाजींबरोबर होते. डॉक्टरकी करता करता गवतांच्या अभ्यासात रमले. त्यांच्या पत्नीनेही सुगंधी गवतांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. कॅम्पबेलने संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 25 वा खंड 1886 चा, वनस्पतींचा. त्यात उपयोगी वनस्पतींचा भाग लिस्बोआंनी लिहिला आणि 1877-78 मध्ये दख्खन-खानदेशातल्या माणसांनी पोटात काय ढकललं, याची यादीही दिली. टाकळ्याचा पाला, बरबड्याचं बी, आणखी पुष्कळ काही. टेंपलने माणशी धान्य मोजलं, या डॉक्टरने पानं आणि बिया मोजल्या. त्या यादीमागे बायकांचं ज्ञान आहे: कुठला पाला चालतो, कुठला उकळून पाणी टाकून द्यायचा, कुठल्या बियांचं पीठ दुसऱ्या धान्यात मिसळल्याखेरीज भाकरीला येत नाही. यादीत ओळ आहे ती वनस्पतीची. कृती नाही, आणि ती सांगणारीचं नावही नाही.

1972 मध्येही हेच झालं. रोजगार हमीची कल्पना वि. स. पाग्यांची, तिचा पहिला प्रयोग शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात झालेला. तिचा इतिहास सविस्तर लिहिला गेला आणि तो तसा लिहिला जायलाच हवा होता. दुष्काळी कामांवर खायला मिळणारी सुकडी आणि अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मात्र केवळ आठवणींत उरली. मिलोची भाकरी थापताना चिरते. तिचं पीठ कढत पाण्यात उकडून मळायचं, ही युक्ती जुन्या, चिकटपणा गेलेल्या शाळूवर बायका आधीपासून करत होत्या. कुठल्याही सरकारी पत्रकाशिवाय ती घरोघर लागू झाली. कामावरच्या पंचवीस माणसांचं पीठ उन्हात बसून मळणारीला हा शोध आहे असं कुणी सांगितलं नाही.

कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव आता पावसाळ्यात भरतात. तिथल्या पाट्यांवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव असतं. त्याखाली रांधणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि तिची कृती असावी, असा माझा आग्रह आहे. शिरोळच्या उसाच्या फडांत तणनाशकामुळे टाकळा राहिला नाही, पण गावाबाहेरच्या पडीक कडेला, रस्त्याच्या उतारावर अजून उगवतो. चार-सहा पानांवर असतानाच शेंडे खुडायचे. फुलावर आला की उग्र होतो. धुऊन चिरायचा, वाफवून घट्ट पिळायचा. कांदा जरा जास्त घ्यायचा, लसूण ठेचून, हिरवी मिरची. हाताशी असेल तर भिजवलेली तूरडाळ मूठभर, नसेल तर शेंगदाण्याचं कूट. तेल एक पळी पुरतं. झाकण ठेवायचं नाही, भाजी काळवंडते. मीठ शेवटी, कारण पाला शिजून निम्म्याहून कमी होतो आणि आधी घातलेलं मीठ जास्त होतं.